कॅन्सस शेवटी का?

१२ मार्च

दादा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहिलंय असं धर. खोली मिळाली!

कुठली म्हणून काय विचारतोस, आपली. ऐकायची खोली. तुझ्या कारखान्याच्या मागे लाकडाच्या थप्पीवर बसून आपण जिच्या भिंतींचा रंगसुद्धा ठरवला होता ती. झालं असं की मी सध्या स्टेज उभारणाऱ्यांच्या टोळीत आहे (रंगाऱ्याकडचं काम सोडलं, त्याची गोष्ट मोठी आहे, त्यात एक बकरी आहे, पुन्हा कधीतरी). तर मी स्वतःच्याच चष्म्यावर बसलो. चष्मेवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानामागे एक रिकामी खोली, आणि तो काच घासता घासता म्हणतो, हिचं काय करावं कळत नाही. मी म्हटलं, मला कळतं.

त्याने विचारलं, "लोक येऊन काय करणार?" म्हटलं, बसतील आणि ऐकतील. "नाचणार नाहीत ना?" म्हटलं, या गाण्यांवर नाचायला गेलं तर पाय मोडेल, सात-सात मात्रांची असतात. मग त्याला सगळं समजावलं. अमेरिकन प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, एक गाणं संपेपर्यंत माणसाची दाढी कशी वाढते, आणि जग सगळं ब्रिटिशांच्या बँडांच्या नावाने गळे काढत असताना आपण दोघंच अमेरिकेच्या बाजूने कसे उभे आहोत. तो भला माणूस आहे. पण म्हणाला, "तुझ्यावर माझा भरवसा नाही, तुझा पाय घरात ठरत नाही. तुझा तो दादा येऊन पहिली संध्याकाळ चालवेल तर खोली दिली. मेअखेरपर्यंत सांग. नाहीतर मी तिथे खोकी ठेवतो."

तेव्हा तू ये, आणि आपली रेकॉर्डींची पेटी आण. त्याआधी बँडांचा क्रम लिहून पाठव, म्हणजे पाटी रंगवतो. मला तो पाठच आहे म्हणा. पहिलं कॅन्सस, व्हायोलिनसाठी. मग हॅपी द मॅन, त्या बासरीसाठी. मग पाव्हलोव्ह्ज डॉग, त्या उंच थरथरत्या गळ्यासाठी. स्टारकॅसल मध्ये कुठेतरी. ड्रीम थिएटर शेवटी, कारण तू त्याला लोहारकाम म्हणतोस. आणि माझं टूल तर तू पेटीच्या तळाशी उलटं करून ठेवायचास.

खोलीत बोटभर जाडीचा गालिचा आहे, बाहेरचा आवाज पार गिळतो. राजेशाही!

परवा फोन केला होता. तू उचललास, दोनदा हॅलो म्हणालास, मी घसा फाटेस्तोवर "दादा, मी!" ओरडलो आणि तू ठेवून दिलास. लाइन खराब असावी. पत्र चष्मेवाल्याच्या पत्त्यावरच टाक.

तुझा,
भिंगरी


२४ मार्च

भिंगरी,

पत्र पोचलं. खोली मिळाली, फार बरं वाटलं.

क्रम असा. पहिलं टूल. दुसरं ड्रीम थिएटर. तिसरं स्टारकॅसल. मग स्टिक्स. सर्वांत शेवटी कॅन्सस. हॅपी द मॅन आणि पाव्हलोव्ह्ज डॉग नकोत.

खोलीची जमीन कसली आहे? गालिच्याखाली काय आहे, फरशी की लाकूड, ते चष्मेवाल्याला विचारून नक्की कळव.

यायचं म्हणशील तर कारखान्यात काम बरंच आहे. रंध्याच्या यंत्रावर मी एकटाच. बघतो. फोन करू नकोस, तो बिघडलाय. पत्रच लिही.

वहिनी मजेत.

दादा


२ एप्रिल

दादा,

की "दादा" म्हणू की नको? हे पत्र नक्की कोण वाचतंय?

तुझं पत्र मी चष्मेवाल्याच्या काउंटरवर उभा राहून तीनदा वाचलं. अक्षर तुझंच. पण अक्षर काय, वहिनीसुद्धा तुझ्यासारखं काढू शकतात, तुझ्या रजेचे अर्ज त्याच लिहायच्या हे विसरलो नाही मी. आमचा दादा एका बँडवर चार पानं लिहायचा. कॅन्ससचं व्हायोलिन गाण्यात कसं शिरतं यावर तू मला बसस्टॉपवर दोन बस सोडायला लावल्या होत्यास. आणि आता कॅन्सस शेवटी? पाव्हलोव्ह्ज डॉग "नकोत"? त्या गायकाचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तू उठून खिडकी लावून घेतलीस, की बाहेर सांडायला नको. आणि टूल पहिलं! टूल! तू म्हणाला होतास, घरात ट्रक सुरू ठेवल्यासारखं वाटतं.

कुठेतरी पाणी मुरतंय.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी येतात. एक, पेटीतल्या चांगल्या रेकॉर्डी तू विकल्यास. कॅन्सस, हॅपी द मॅन, पाव्हलोव्ह्ज डॉग, नेमक्या ज्यांना मागणी आहे त्याच रेकॉर्डी मागे किंवा बाहेर. उरलं काय, तर माझं टूल. दोन, तू तूच नाहीस, आणि वहिनींनी पेटीत जे वर दिसलं ते उतरवून काढलं. वहिनी, तुम्ही वाचत असाल तर राग मानू नका, पण तुम्ही आमच्या गाण्यांना दळण म्हणता हे मला ठाऊक आहे.

आणि जमिनीचं काय काढलंस मध्येच? मी खोली सांगतो, तू फरशी विचारतोस. चष्मेवाल्याला विचारलं तर तो माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुझ्या दादाला गाणी लावायची आहेत की फरशी बसवायची आहे?"

बिघडलेल्या फोनवर तू हॅलो कसा म्हणालास?

तेव्हा परीक्षा. जेवणाच्या टेबलावर आपण काय वाजवायचो आणि काकू काय म्हणायच्या? हे वहिनींना माहीत असणं शक्य नाही, तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं.

(बकरीची गोष्ट आता मुद्दाम सांगत नाही.)

भिंगरी


१४ एप्रिल

भिंगरी,

सात मात्रा वाजवायचो. तीन, दोन, दोन. मी चमच्याने, तू बुक्कीने, कारण तुला चमच्याने जमत नसे. पहिल्या मात्रेवर जोर. आई म्हणायची, "जेवताय की दारं बसवताय?" झालं समाधान?

पेटी आहे. एकही रेकॉर्ड बाहेर गेलेली नाही. वहिनीला यात ओढू नकोस, तिने तुझं पत्र वाचलं आणि हसून हसून तिला खोकला लागला, पण मला ते आवडलेलं नाही.

आवड बदलते माणसाची. व्हायोलिनचा कंटाळा आला म्हण. टूलमध्ये बास आणि ड्रम कसे एकमेकांत जोडलेत ते मला तेव्हा कळलं नव्हतं. खाच आणि जीभ बसवल्यासारखे. आपल्याकडे फळ्या जोडतात तशा.

जमीन कसली आहे ते तू अजून सांगितलेलं नाहीस. ते कळल्याशिवाय मी हो म्हणू शकत नाही. गालिच्याचा एक कोपरा उचलून बघायला किती कष्ट आहेत?

इतक्यात इकडे येऊ नकोस. मीच कळवतो.

दादा


५ मे

दादा,

"इतक्यात येऊ नकोस" असं वाचलं तेव्हाच ठरवलं की जायचं.

टोळीचा ट्रक तुमच्या बाजूने जाणार होता, मी मागे लोखंडी नळ्यांवर बसून आलो. बूड अजून ठणकतंय. भर दुपार होती, तुझी सुट्टी होती. तुझ्या जिन्यावर पाऊल ठेवलं तेव्हाच आवाज ऐकू आला. ऐकू आला कसला, लागला. कठडा थरथरत होता. बेल दाबली. पुन्हा दाबली. बोट पांढरं पडेपर्यंत दाबून धरली. हाका मारल्या. मग दाराशेजारच्या काचेतून आत बघितलं.

तू होतास. पाठमोरा, अनवाणी, जमिनीवर पाय टेकवून खुर्चीत. समोर माझं टूल फिरत होतं. आणि तुझा हात स्पीकरच्या खोक्यावर, पंजा पसरून, जणू कुणी ते हिसकावून नेणार आहे. मी काचेवर टकटक केली. तू मान वळवली नाहीस. गाणं संपलं, मी पुन्हा बेल दाबली, आता तर नुसती शांतता होती, दादा, ती बेल खालच्या गल्लीतसुद्धा ऐकू गेली असती. तू हात तसाच ठेवून बसून राहिलास.

शेजारच्या बाई दार उघडून म्हणाल्या, "ते उघडत नाहीत हो कुणाला. रोजचंच आहे." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वसुलीला आलोय.

मी गेलो. जिना उतरताना मुद्दाम पाय आपटणार होतो, तेही केलं नाही. कशाला?

तेव्हा आता स्पष्टच. तुला माझ्यासोबत खोली नको असेल तर तसं सांग. मोठा माणूस आहेस, कामधंदा आहे, घर आहे. मी आज इथे उद्या तिथे, माझ्याबरोबर नाव लावायला लाज वाटत असेल, समजू शकतो. पण भलभलते क्रम पाठवून, फरशीच्या चौकशा करून, मला दमवून माझ्याच तोंडून "जाऊ दे" वदवून घ्यायचं, हे तुला शोभत नाही. आणि पाठ करून बसणं तर मुळीच नाही.

महिनाअखेरीला टेम्पो घेऊन येतो. पेटीतला माझा हिस्सा काढून ठेव. कॅन्सस माझ्याकडे राहील. तुला तसाही कंटाळा आलाय.

चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगतोय. उद्या परवा.

भिंगरी


१० मे

भावोजी,

ही मी, वहिनी. या वेळी खरंच मी. यांच्यासारखं नाही, माझ्याच अक्षरात लिहितेय, नीट बघून घ्या.

तुम्ही येऊन गेलात हे तुमच्या पत्रावरून कळलं. मी कामावर होते. तुमचं पत्र वाचून हे जेवले नाहीत. मला सांगितलंय की तुला यात पडायचं नाही, आणि मी शब्द दिलाय, म्हणून पडत नाही. काठावरून बोलते.

तुम्हाला बुद्धी दिली आहे देवाने, पण ती तुमच्यासारखीच कुठेतरी भटकत असते. इतकं सगळं डोळ्यांनी बघितलंत. पाय अनवाणी बघितले. हात बघितला. आणि त्यातून काढलंत काय, तर लाज! चष्मेवाल्याकडे पत्रं मागवता ना? एक जोडी स्वतःसाठी करून घ्या.

पुढच्या वेळी बेल दाबत बसू नका. दारावर लाथ घाला. तुमच्या त्या सात मात्रांची घाला, मी परवानगी देते. दार माझ्या माहेरचं नाही.

आणि चष्मेवाल्याला अजून नाही म्हणाला नसाल तर आठवडाभर तोंड बंद ठेवा. जमेल तेवढं.

वहिनी


१३ मे

भिंगरी,

वहिनीने तुला लिहिलं. पत्र टपालपेटीत टाकून आल्यावर मला सांगितलं. आता लपवण्यात अर्थ नाही.

मला ऐकू येत नाही.

उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला. डावा या हिवाळ्यात. कानाला लावायचं मशीन मिळालं, पण ते लावलं की भांडी ऐकू येतात, माणसं नाहीत. त्या दिवशी फोन उचलला कारण त्याचा दिवा लुकलुकला. कोण आहे कळलं नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं ते माझं मलाही ऐकू आलं नाही.

कशाने ते विचारशील, म्हणून सांगतो. रंध्याच्या यंत्राचा आवाज तुला माहीत आहे. कापूस घालायला देतात कानात. मी कापूस घातला नाही, मी हेडफोन घातले. तू पहिल्या पगारातून आणलेले. यंत्राच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला, मग रोज थोडा थोडा वाढवत गेलो. पूर्ण पाळीभर कॅन्सस. मुकादम ओरडायचा, मला वाटायचं त्याला संगीतातलं काय कळतं. आता हे वाचून तू हेडफोन स्वतःच्या अंगावर ओढून घेशील, म्हणूनच सांगितलं नव्हतं. तू दिलेस ते बसमध्ये ऐकायला. यंत्रावर मी नेले.

तुला वाटलं मी खोका धरून बसलोय. मी ऐकत होतो, अरे.

सुरुवातीला पेटीला हात लावला नाही. मग एकदा वहिनी फळी झाडताना पेटी उलटली आणि तुझं टूल वर आलं, तिने लिहून दाखवलं, हे लावून बघू, तुमच्या ट्रकवाल्यांचं. आवाज पूर्ण उघडला आणि माझा हात धरून खोक्यावर ठेवला. भिंगरी, ते हातात आलं. बास तळव्यात, ड्रम मनगटात. फळीवर रंधा नीट फिरला की नाही हे मी वीस वर्षं तळव्यानेच बघत आलोय, मला शिकायला काही लागलं नाही. मग पाय टेकवले. जमीन लाकडी आहे म्हणून तीही बोलते. ड्रीम थिएटरचे ते दुहेरी ठोके पोटरीपर्यंत चढतात. लोहारकाम म्हणालो ते मागे घेतो. स्टारकॅसलचा बास इतका स्वच्छ आहे हे कान असताना कळलंच नाही, वरच्या गळ्यांनी झाकून टाकला होता.

बासरी येत नाही. तो थरथरता गळा येत नाही. व्हायोलिन तर पतंगासारखं वरच, बोटाखाली काच थोडी गुणगुणते तेवढंच. म्हणून हॅपी द मॅन आणि पाव्हलोव्ह्ज डॉग नकोत म्हटलं. मी लोकांपुढे उभा राहून जे मला मिळत नाही त्याबद्दल काय बोलू?

आणि कॅन्सस शेवटी ठेवलं कारण ते मला लावायची गरज नाही. ते वाजतच असतं. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, व्हायोलिनसकट. पण डोक्यातलं बरोबर आहे की मी त्यात काही भर घालत चाललोय, हे कळायला मला शेजारी कुणीतरी बसायला हवं. तुझ्याशिवाय दुसरं कोण ओळखणार?

आता कळलं जमीन का विचारत होतो? फरशी मुकी असते. जाड गालिचा तर सगळंच खातो. त्या खोलीत मी नुसता फोटो म्हणून बसेन. ते मला नको. खाली लाकूड नसेल तर खोली तू चालव, क्रम तुझा जुना ठेव, पेटी सगळी घेऊन जा. हिस्सा कसला काढतोस, वेड्या.

शेजारीण तुझ्याबद्दल विचारत होती. वहिनीने सांगितलं, वसुलीवालाच होता.

दादा


१९ मे

दादा,

हेडफोनचं वाचलं आणि पत्र मिटून बाहेर गेलो. बराच चाललो. एका गॅरेजपाशी थांबून दोन माणसं टायर बदलताना बघत बसलो, कशासाठी ते विचारू नकोस. मग परत येऊन पुढचं वाचलं. त्यावर मी काही लिहीत नाही. समोर आलास की बघू.

चष्मेवाल्याला नाही सांगितलेलं नव्हतं. "उद्या परवा" लिहिलं होतं ना, माझं उद्या परवा तुला माहीत आहे.

आज त्याला म्हटलं, गालिचा काढायचाय. त्याने हातातली काच खाली ठेवली. "तो माझ्या सासऱ्याने दिलाय." म्हटलं, म्हणून तर मागच्या खोलीत टाकलात ना? मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं नाही, हात आणि पायाचा भाग. तो ऐकत होता आणि त्याचा हात आपोआप काउंटरवर पसरला, पंजा उघडा. मी बघितलं, त्याला कळलं नाही.

मग तोच म्हणाला, "कोपरा धर."

दादा, त्या गालिच्याखाली धूळ होती, एक जुना डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता होता, आणि त्याच्याखाली लाकूड. रुंद फळ्या, खाच आणि जीभ, तू म्हणतोस तशा. कुठलं लाकूड ते तू येऊन सांग. दोन फळ्या सैल आहेत, येताना तुझी हत्यारं आण. गालिचा आता दुकानात पुढे आहे, गिऱ्हाईकं बूट काढून येतात आणि चष्मेवाला फुशारकी मारतो की सासऱ्याने दिलाय.

मग मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि टाच आपटली. तीन, दोन, दोन. पहिल्या मात्रेवर जोर. पुढच्या दुकानात काचेच्या फळीवर त्याच्या सगळ्या रिकाम्या फ्रेमा मांडलेल्या असतात, त्या हलल्या. दारातून दिसत होत्या मला. मी आपटायचो आणि त्या टकटकायच्या, मोजून सातच.

चष्मेवाला ओरडला, "काय पडलं रे?"

मी म्हटलं, "काही नाही. पहिला नंबर टूलचा लागला."

पाटी रंगवली आहे, तुझ्याच क्रमाने. कॅन्सस शेवटी. त्या वेळी मी तुझ्या शेजारी बसेन, आणि व्हायोलिन आलं की तुझ्या गुडघ्यावर बोट ठेवीन. तू आधीच मान हलवलेली असशील तर डोक्यातलं बरोबर समज, मग मी बोट उचलतो.

रविवारी दुपारी येतोय, टेम्पो घेऊन, तुला आणि पेटीला न्यायला. वहिनींना सांग, दार सांभाळा. परवानगी लेखी आहे माझ्याकडे.

भिंगरी